दीपकची डिझेल गाडी

सर्वेश वायंगणकरची निळी गाडी अख्ख्या डिचोलीला माहीत होती, पण तिच्यात बसलेली माणसं मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त झाली असती. गाडी दोन माणसांचीच. जर्मन बनावटीची, जमिनीला चिकटल्यासारखी बुटकी, छप्पर मागं सरकवता येणारं. बाजारातून ती गेली की भुसारी दुकानातला माणूस वजन करता करता थांबायचा. पण डिचोलीहून साखळीला जायचं म्हटलं तरी वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकावर सर्वेशला ती तिरकी घालून, श्वास रोखून, एकेक चाक अलगद उतरवावं लागे. मागचे मोटारसायकलवाले हॉर्न मारत. खालून खर्रकन आवाज आला की आपलंच पोट खरचटल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा.

त्यामुळं निळी गाडी रविवारची. एरवी मांद्र्याला त्यानं पर्यटकांसाठी बांधलेल्या घरांची देखभाल करायला तो बायकोच्या, गौरवीच्या, छोट्या गाडीतून जायचा. तेव्हा मात्र कुणी वजन करायचं थांबत नसे.

रविवारी सकाळी साखळीच्या एका हॉटेलासमोर अशा चार गाड्या जमायच्या. फोंड्याची दातांची डॉक्टर सुप्रिया, म्हापशाचा औषधांचा घाऊक व्यापारी अनिल, स्वतः सर्वेश आणि पेडण्याचा दीपक हळर्णकर. पातळभाजी-पाव आणि चहा घ्यायचा, चोर्ला घाटातून वर जाऊन यायचं आणि जेवायच्या वेळेपर्यंत आपापल्या घरी. दीपक आणि सर्वेश कॉलेजात एका बाकावर बसलेले. दीपक मोपाच्या विमानतळाच्या कामाला खडी पुरवून वर आला आणि सर्वेशच्या निळ्या गाडीमागोमाग वर्षभरात त्यानं लाल गाडी घेतली. ती आपल्या गाडीपेक्षा किंचित जुनी आहे, हे सर्वेश कधी बोलून दाखवत नसे, पण विसरतही नसे.

एका रविवारी दीपक लाल गाडी न घेता आला. हॉटेलासमोर एक उंच, गडद हिरवी, भलीमोठी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून दीपक पायरीवरून उतरावं तसा उतरला.

"लाल खंय?" अनिलनं विचारलं.

"घरात आसा, रविवारसाठी. पण रोज तिच्यातून काय फिरतलंय? मोप्याक रस्तो खणलेलो, हळर्णाक रस्तो खणलेलो. रोज चालवूक ही. डिझेल."

सुप्रिया लगेच गाडीभोवती फिरली. "मी पण हाच विचार करतेय रे. फोंडा-पणजी, फोंडा-पणजी करून माझी कंबर गेली. आमच्या गाड्या फोटो काढायला बऱ्या."

"डिझेल?" सर्वेश म्हणाला. "हो ट्रक मरे!"

सगळे हसले. दीपकही हसला. "ट्रकच. पण बसून तरी बघ."

सर्वेश बसला. दार लागलं आणि बाहेरचा बाजार एकदम गप्प झाला. दीपकनं बाहेरूनच खूण केली तसं त्यानं बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. आवाज असा, की दूर कुठंतरी कुणी तरी जड काम करतंय, आपल्याला त्याची तोशीस नाही. सीट कमरेला धरून बसली होती. समोरचा रस्ता, रस्त्यावरची माणसं, त्याची स्वतःची निळी गाडी, सगळं खाली दिसत होतं. निळी गाडी वरून पाहण्याची त्याला सवय नव्हती. ती त्याला खेळण्यासारखी दिसली.

तो उतरला आणि म्हणाला, "आवाज येता." त्या दिवशी घाटात त्यानं निळी गाडी गरजेपेक्षा जास्त जोरात मारली.

इथवर जे होतं ते दोन मित्रांतलं होतं. पुढं त्यात गोकुळदास आले.

गोकुळदास वायंगणकर म्हणजे सर्वेशचे वडील. शिरगावच्या खाणीवरून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत खनिज वाहण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आधी दुसऱ्याचा ट्रक चालवला, मग स्वतःचा घेतला, मग एकाचे सहा झाले. खाणी पहिल्यांदा बंद पडल्या तेव्हा ते म्हणाले, सुरू होतील. दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा काहीच म्हणाले नाहीत. काजूच्या झाडांखाली ट्रक गंजत उभे राहिले. सर्वेशनं गिऱ्हाईक आणलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "एक रवांदे. चालवूक नाय, असोच." पण गिऱ्हाईकाला सगळे एकगठ्ठा हवे होते. सर्वेशनं सगळे दिले. त्याच्या पुढच्या वर्षी निळी गाडी दारात आली.

त्या गाडीत गोकुळदास एकदाच बसले. गुडघा वाकत नव्हता; बसताना सर्वेशनं धरलं, उतरताना सर्वेश आणि गौरवी दोघांना धरावं लागलं. उभे राहिल्यावर धोतर झटकत ते म्हणाले, "खड्ड्यात उतरल्यासारखा वाटला." तेव्हापासून ते सोप्यावर खुर्ची टाकून बसत, विचारलं तेवढं बोलत. सर्वेशला वाटायचं, वय झालं की माणसं अशीच होतात.

दीपकचा मामा शिरगावला. त्याच्याकडं जाताना एका मंगळवारी दीपक डिचोलीत थांबला. फाटकाशी हिरवी गाडी उभी राहिली, इंजिन चालू होतं. सर्वेश बाहेर येईपर्यंत गोकुळदास काठी टेकत फाटकापर्यंत पोचलेसुद्धा होते.

"डिझेल?" त्यांनी विचारलं.

"डिझेल, काका."

"बंद करू नको. बोनेट उघड."

दीपकनं उघडलं. गोकुळदासांनी कान जवळ नेला, डोळे मिटले आणि उघडून म्हणाले, "सहा?"

"सहा सिलिंडर," दीपक म्हणाला. "तुमका कसा कळला?"

यावर गोकुळदास हसले. तोंड उघडून, खांदे हलवून, मोठ्यानं. सर्वेश सोप्याच्या पायरीवरच थांबला. हे हसणं त्यानं ट्रक होते तेव्हा ऐकलं होतं. इतक्या वर्षांत आपण ते ऐकलेलं नाही, हेसुद्धा त्याला त्या क्षणी कळलं.

दीपकनं दार उघडलं. बाजूची पायरी, हाताला धरायला मूठ. गोकुळदासांनी काठी आत टाकली, मूठ धरली आणि कुणाचीही मदत न घेता पुढच्या सीटवर चढून बसले. "एक फेरी मारून येतंय," ते सुनेला म्हणाले. मुलाकडं त्यांनी बघितलंही नाही. तसं त्यांच्या मनात काही नसावं, पण सर्वेशनं ते लक्षात ठेवलं.

फेरी दुपारपर्यंत चालली. संध्याकाळी गोकुळदास जेवायला बसले ते बोलतच. दीपकनं गाडी खाणीच्या जुन्या रस्त्यानं नेली. दीपक म्हणत होता, चढावर गिअर आपोआप पडतो. खनिज उतरवायचा धक्का नदीवर कुठं होता ते दीपकला माहीत नव्हतं, त्याला दाखवला. गौरवी आणखी आमटी वाढत ऐकत होती. सर्वेश पोईचा, गव्हाच्या पावाचा, तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून बसला होता.

मग दर मंगळवारी हिरवी गाडी यायला लागली. गोकुळदास सकाळपासूनच इस्त्रीचा सदरा घालून तयार. कधी शिरगाव, कधी नार्वेच्या बाजूला, एकदा तर दीपकनं त्यांना मोपाला नेऊन विमान उतरताना दाखवलं. सर्वेशनं विमानतळ दाखवतो असं तीनदा म्हटलं होतं, नेलं दीपकनं. घरात "दीपक म्हणी होतो" हे शब्द मिठासारखे झाले. गाडीबद्दलचा सर्वेशचा मत्सर आता गाडीपुरता राहिला नव्हता. दीपकनं काकांसाठी मामाकडचे फणसाचे गरे आणले तरी त्याला ते गोड लागत नव्हते. रविवारी दीपकच्या तोंडून "काका म्हणत होते" ऐकलं की त्याचा चहा गार व्हायचा.

"तुला ती गाडी हवी आहे," एकदा गौरवीनं विचारलं, "की दीपक नको आहे?" गौरवी बेळगावची, ती असं सरळ विचारायची.

"माका ट्रक कशाक होयो?" तो म्हणाला.

पण दुसऱ्याच दिवशी कुणाला न सांगता तो पर्वरीच्या शोरूममध्ये गेला. तीच गाडी, पांढऱ्या रंगात, काचेमागं उभी होती. विक्रेत्यानं पाणी दिलं, कॉफी दिली, दार उघडून बसवलं.

"डिझेलमधी होयी," सर्वेश म्हणाला.

"डिझेल बंद केलं सर कंपनीनं. आता फक्त पेट्रोल. शेवटची आली होती ती गेली. गडद हिरवी होती."

विक्रेत्याला काय ठाऊक. तो पुढं बरंच काही सांगत होता, पण सर्वेशला एवढंच ऐकू येत होतं, की आपल्या तोंडासमोरून कुणीतरी पान उचलून नेलंय. वास्तविक त्या गाडीला तो ट्रक म्हणाला होता. हे आठवून तो जास्तच चिडला.

घरी येऊन त्यानं वडिलांना विचारलं, "पपा, मोठी गाडी घेवया? उंच. पेट्रोलाची."

"तुजी मर्जी," गोकुळदास म्हणाले आणि पेपर उलटला.

पुढं पावसाळा सरला आणि हळर्णहून निरोप आला. पांडुरंग हा गोकुळदासांचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. आता हळर्णला बागायत करायचा. त्याच्या नातीचं बारसं होतं. दीपकचं गावही तेच, त्यामुळं दीपकच्या गाडीतून जायचं ठरलं. सकाळी दीपक आला आणि चावी सर्वेशच्या हातात देऊन म्हणाला, "आज तू चालव. सुप्रिया सांगी होती, पर्वरीक जावन इलंस म्हणून. चालवल्याशिवाय कसा कळतला?"

म्हणजे शोरूममधून सुप्रियाला कळलं होतं, तिच्याकडून दीपकला कळलं होतं. सर्वेशचे कान तापले. गोकुळदास आपल्या नेहमीच्या जागी, पुढं बसले. दीपक मागं.

गाडी चालवायला लागल्यावर सर्वेशला आणखी वाईट वाटलं, कारण ती फार चांगली होती. गतिरोधक आला कधी, गेला कधी, कळत नव्हतं. ज्या गतिरोधकावर तो वर्षानुवर्षं श्वास रोखत आला होता, त्याच्यावरून ही गाडी माणसानं उंबरा ओलांडावा तशी गेली. शेजारी वडील गुणगुणत होते.

डिचोलीबाहेर पेट्रोलपंपावर दीपक म्हणाला, "भरून घे. मी बाळाक कायतरी घेवन येतंय." तो उतरून रस्त्यापलीकडच्या दुकानात गेला.

पंपावर धोंडिबा होता. कोल्हापूरकडचा, बरीच वर्षं इथंच. निळ्या गाडीमुळं सर्वेश त्याच्या ओळखीचा. उंच गाडीच्या काचेतून ओळखीचा चेहरा दिसल्याबरोबर तो हसला. "साहेब, नवी घेतली व्हय? नेहमीचंच?"

"हं," सर्वेश म्हणाला. तो दीपककडं बघत होता. दुकानदारही दीपकशी हसून बोलत होता. सगळेच दीपकशी हसून बोलतात, असं त्याच्या मनात येत होतं. ते "हं" निव्वळ सवयीनं निघालं होतं; तोवर त्यात खोट काही नव्हती.

मग त्याची नजर बाजूच्या आरशात गेली. धोंडिबानं पेट्रोलची नळी उचलली होती. झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत 'डिझेल' लिहिलेलं होतं, पण धोंडिबा मान वळवून दुसऱ्या गाडीवाल्याशी बोलत बोलतच नळी आत घालत होता. पंपावरचे आकडे फिरायला लागले.

सर्वेशला फक्त डोकं बाहेर काढून "अरे, डिझेल!" म्हणायचं होतं. एक शब्द. तो त्याच्या तोंडात तयारही होता. पण तो आरशात बघत राहिला. ही गाडी वाटेत कुठंतरी, समजा अस्नोड्याच्या पुढं, खोकून थांबेल. पपा उतरतील. ज्याच्यावर ते कान ठेवून हसले ते इंजिन उघडून मेकॅनिक मान हलवेल. मग मंगळवार बंद. हे सगळं त्यानं विचार करून ठरवलं नाही. ते चित्रासारखं आलं आणि त्याला बघायला बरं वाटलं.

"बंद कर! ए, बंद कर ता!"

गोकुळदास ओरडले होते. त्यांच्या बाजूची काच उघडी होती. वास त्यांच्यापर्यंत पोचला होता. "पेट्रोल घालतंस तू! डिझेलची गाडी ही!"

धोंडिबानं दचकून नळी ओढली. गोकुळदासांनी मान वळवली ती मुलाला काहीतरी सांगायला, आणि मुलाची नजर आरशावर खिळलेली त्यांनी पाहिली. सर्वेशनं नजर काढली, पण उशीर झाला होता. आकडे कुठपर्यंत गेले ते त्या आरशात स्पष्ट दिसत होतं, हे गोकुळदासांना बसल्या जागेवरूनही कळत होतं. दोन सीटांच्या मधे ठेवलेली चावी त्यांनी उचलून घेतली, गाडी सुरू होऊ नये म्हणून, आणि मुठीत धरून बसले.

दीपक धावत आला. "कोणी सांगला तुका पेट्रोल?" तो धोंडिबावर तुटून पडला. "डोळे खंय तुजे? मालकाक बोलव तुज्या!"

धोंडिबाचा चेहरा पांढरा पडला. "साहेबांनीच... मी इचारलं नेहमीचंच का, तर साहेब..." त्यानं सर्वेशकडं बोट केलं.

"मी सांगलंय तेका," गोकुळदास म्हणाले.

दीपक त्यांच्याकडं वळला. "तुम्ही, काका?"

"माका वाटला पेट्रोलाची. सर्वेशाची आसता तशी. चूक माजी. तेका बोलू नको."

दीपक क्षणभर बघत राहिला, मग त्याला हसू आलं. "काका, तुम्ही? जन्मभर डिझेलात काढलात आणि..." पुढं तो बोलला नाही, पण हसू त्याच्या तोंडावरून जाईना. गोकुळदासही कसनुसे हसले. सर्वेश स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होता. तेव्हाही त्याला बोलता आलं असतं.

गाडी ढकलत बाजूच्या गॅरेजमध्ये नेली. सुरू केली नव्हती म्हणून इंजिन वाचलं. टाकी रिकामी करून धुवावी लागली. बारसं चुकलं. पांडुरंगाला फोनवर गोकुळदासांनी सांगितलं, "गाडी बिघडली रे."

पुढच्या मंगळवारी दीपकची गाडी आली. गोकुळदास सोप्यावर साध्याच सदऱ्यात बसले होते. "गुडघो दुखता. आज नको," ते म्हणाले. त्याच्या पुढच्या मंगळवारीही गुडघा दुखत होता. मग दीपकनं फोन करून विचारायला सुरुवात केली आणि मग फोनही थांबला.

सर्वेशला जे हवं होतं ते मिळालं. मंगळवार मोकळा झाला. त्यानं वडिलांना गौरवीच्या गाडीतून साखळीच्या बाजारात नेलं, देवळात नेलं. ते आले, बसले, उतरले. विचारलं तेवढं बोलले. एकदा परत येताना सर्वेशनं गाडी कडेला घेतली.

"पपा, तुम्ही तसा कशाक सांगलात?"

गोकुळदास समोर बघत होते. "तो घाटावरचो माणूस. बायल-पोरा आसतली. तेचा काम गेला असता."

"आणि माजा?"

"तुजा काय? तू माजो झील." आता त्यांनी मुलाकडं बघितलं. "पण तू बघी होतंस, सर्वेश. गप बसान बघी होतंस. ता माका इसरूक होवचा नाय."

सर्वेशनं गाडी परत रस्त्यावर घातली.

त्या रविवारी साखळीला चारही गाड्या होत्या. दीपकनं लाल आणली होती. चहा येईपर्यंत अनिल म्हणाला, "दीपक, काकांना सांग, माझ्या गाडीत रॉकेल घालायला कधी येतात? डिझेल-पेट्रोल दोन्ही झालं त्यांचं." सगळे हसले. दीपकनंच ती गोष्ट सांगितली होती, आणि ती रंगत गेली होती. म्हाताऱ्या ट्रकवाल्याला डिझेल ओळखता आलं नाही, हे ऐकायला कुणालाही मजाच वाटणार.

दीपकचं काहीतरी वाटोळं व्हावं असं सर्वेशला कितीदा वाटलं होतं. आपल्या वडिलांचं हसं व्हावं असं मात्र कधीच वाटलं नव्हतं, आणि झालं होतं तेच. डोळे मिटून इंजिन ओळखणारा माणूस हॉटेलच्या टेबलावर येडा ठरला होता, तोही पोराची लाज राखायला.

"पपांनी नाय सांगला तेका," सर्वेश म्हणाला.

"काय?" दीपकनं विचारलं.

"पेट्रोल घाल म्हणून. धोंडिबान माका विचारल्यान, मी 'हं' म्हटलंय. आणि मग तो घालताना बघलंय. आरशात दिसी होता माका सगळा. गप रवलंय. पपांक वास इलो म्हणून तेनी थांबवल्यानी."

सुप्रियानं कप खाली ठेवला.

"कशाक?" दीपकनं विचारलं. आवाज चढवला नाही.

सर्वेशला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्यानं खरं तेच सांगितलं. "पपा तुज्याकडे बोलतत. माज्याकडे बोलनत नाय."

दीपक उठला. लाल गाडीत बसून गेला. घाटाकडं गेला नाही, पेडण्याच्या रस्त्याला लागला. अनिल ताटलीतल्या पावाकडं बघत बसला. सुप्रिया एवढंच म्हणाली, "त्याच दिवशी सांगायला हवं होतंस रे," आणि पैसे द्यायला उठली.

सोमवारी सर्वेशनं दीपकला फोन केला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा दीपकनं उचलला.

"उद्या मंगळवार," सर्वेश म्हणाला. हे मागणं त्याला कबुलीपेक्षा जड जात होतं. "पपांक घेवन जा. शिरगावाक जातलंस ना?"

"तुज्या दारात येव?"

"तेंच्यासाठी ये. मी भायर येवचंय नाय."

दीपकनं फोन ठेवला. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. सर्वेशनं घरात फक्त गौरवीला सांगितलं. तिनं सासऱ्यांचा इस्त्रीचा सदरा काढून खुर्चीवर टाकला.

मंगळवारी ऊन वर आलं तरी गाडी आली नाही. सर्वेश मांद्र्याला जायचं टाळून घरातच फिरत होता. मग फाटकाशी हॉर्न वाजला. दीपक गाडीतून उतरून फाटकाच्या बाहेरच उभा राहिला. आत पाऊल टाकलं नाही.

"काका, चला," तो मोठ्यानं म्हणाला. "माजा चुकला. चार लोकांत ती मस्करी मी करूक नको होती."

गोकुळदास त्याच्याकडं बघत राहिले, मग त्यांनी घराच्या दाराकडं मान वळवली. सर्वेश दाराआड उभा होता. कुणी कुणाला काय सांगितलं असेल, हे त्यांना समजायला वेळ लागला नाही. "सदरो बदलतंय," ते म्हणाले.

गाडीपर्यंत ते काठी टेकत गेले, चढून पुढं बसले. दीपक दुसऱ्या बाजूनं बसला. इंजिन सुरू होतं. गाडी हलेना. मग काच खाली आली आणि गोकुळदासांचा आवाज आला.

"सर्वेश! थय उबो कशाक? ये, बस मागे."

सर्वेश पायऱ्या उतरून आला. त्यानं दीपककडं बघितलं. दीपक समोरच्या रस्त्याकडं बघत होता. ये म्हणाला नाही, पण गाडीही सोडली नाही. सर्वेश मागचं दार उघडून बसला.

शिरगावच्या वाटेवर बंद खाणींत हिरवं पाणी साठलेलं होतं. गोकुळदास बोटानं दाखवत बोलत होते. ह्या वळणावर त्यांच्या पहिल्या ट्रकचे ब्रेक गेले होते, पाठीमागं खनिज गच्च भरलेलं, खाली देवळाच्या बाजूनं जत्रेची माणसं चाललेली. त्यांनी ट्रक डाव्या दरडीला घासत घासत, घासत घासत आणला आणि एका आंब्यावर नेऊन टेकवला. पांडुरंग तेव्हा क्लीनर होता, त्यानं भीतीनं डोळे मिटून घेतले ते ट्रक थांबल्यावरही उघडेना. दीपक हसला. "मग, काका? मग काय झाला?"

सर्वेश ऐकत होता. ही गोष्ट त्याला माहीत नव्हती. चाळीस वर्षं एका घरात राहून वडिलांचे ब्रेक गेले होते हे त्याला माहीत नव्हतं, आणि आज ते दीपकला सांगत होते. "मग काय झाला" असं दीपक विचारत होता. त्याच्या छातीत ते जुनं दुखणं परत उठलं. वडिलांचं डोकं, दीपकचं डोकं, दोघांच्या मधून दिसणारा रस्ता. आपणही विचारावं असं त्याला वाटलं, पण ह्या गाडीत आज आपण विचारायचं नाही, हेही त्याला समजत होतं. तो पुढचं ऐकण्यासाठी थोडा पुढं वाकला.

गोकुळदास सांगत राहिले. आंब्याचा मालक भांडायला आला आणि ट्रक बघून भांडायचं विसरला. खाण मागं पडली, दोन्ही बाजूंनी काजूची झाडं लागली. बोलता बोलता गोकुळदासांना खोकला आला आणि गोष्ट तेवढ्यापुरती थांबली.

"मागे वारो येता मरे?" एसीचं बटण फिरवत, मान न वळवता दीपकनं विचारलं.

"येता," सर्वेश म्हणाला.